तारा की पारदर्शक अलाइनर: किशोरवयीन मनाच्या दृष्टीने

वेडेवाकडे दात लपवण्यासाठी ओठ मिटून हसणाऱ्या मुलांना तारा आणि अलाइनर (दातांवर बसणारे, काढता-घालता येणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे) या दोन्ही उपचारांनी दिलासा मिळू शकतो. फरक आहे तो उपचाराच्या दीड-दोन वर्षांत. दातांवर चिकटवलेल्या धातूच्या तारा उठून दिसतात, आणि सुरुवातीचे काही आठवडे चिडवले जाण्याची भीती मुलांना खरोखरच छळते; मात्र वर्गात आणखी चार-पाच जणांच्या दातांना तारा असतील, तर हा संकोच बराच लवकर ओसरतो.

अलाइनर सहसा चटकन नजरेत भरत नाहीत, म्हणून फोटो काढताना किंवा वर्गासमोर बोलताना ते सोयीचे वाटतात, परंतु ते दिवसातून 20 ते 22 तास घालावे लागतात, आणि जेवताना काढून ठेवलेला अलाइनर हरवला किंवा पुन्हा घालायचा राहिला, तर उपचार लांबतो व घरी रोज बोलणी खावी लागतात, ज्याने आत्मविश्वास उलट खचतो. तारांमध्ये ही जबाबदारी मुलावर नसते, म्हणून विसराळू मुलांसाठी मला त्याच अधिक योग्य वाटतात. दात फार वळलेले असल्यास दंतवैद्यही बहुधा तारांकडेच झुकतात. उपचारानंतर रिटेनर (सरळ झालेले दात पुन्हा सरकू नयेत म्हणून वापरायचे साधन) मात्र दोन्हींत घालावाच लागतो.