दोन हजार वॉटच्या स्टिकरला आम्ही फसलो

मामांची होडी भिगवणजवळ कुंभारगावला उजनीच्या पाण्यावर चालते. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्याहून माणसं येतात आणि इंजिनाच्या फटफटीनं अख्खा थवा उठतो. म्हणून विजेची मोटर बसवायचं ठरलं. सिंगल फेजची एक एचपीची मोटर पडूनच होती. ती बॅटरीवर चालवायला इन्व्हर्टर हवा, तो घ्यायला आम्ही पुण्यातली विजेच्या सामानाची तापकीर गल्ली गाठली.

दुकानदार म्हणाला, "मामा, एक एचपी म्हणजे 746 वॉट. हा इन्व्हर्टर दोन हजार वॉटचा आहे, निम्मासुद्धा लागणार नाही." 11,500 रुपये रोख दिले. बिल मागितलं, तर चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला.

काठावरच स्विच दाबला. मोटर नुसती घुमली, इन्व्हर्टर टीं-टीं करून बंद. फोन केला तर म्हणाला, "बॅटरी कमी पडतेय, आणखी एक जोडा." तीही त्याच्याकडूनच घेतली, 150 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीची साठवण). तरी तेच. तिसऱ्या वेळी बॅटरीच्या वायरीचं आवरण मऊ होऊन माझ्या बोटाला चिकटलं. हे भर पाण्यात, माणसं बसलेली असताना झालं असतं तर?

शेवटी धायरीतल्या एका मोटर रिवाइंडिंगवाल्या काकांनी इन्व्हर्टरला 100 वॉटचे पिवळे बल्ब एकेक करून जोडले. सातव्याला सगळे मंद झाले, आठव्याला डबा बंद. स्टिकरवर 2000 च्या खाली बारीक अक्षरांत ‘पीक’ लिहिलं होतं, म्हणजे क्षणभराची ताकद, आणि तीही खोटीच. 746 वॉट हे मोटरच्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर मिळतात. ती स्वतः हजार-अकराशे ओढते, आणि सुरू होताना करंट पाच-सहा पट जातो. बारा व्होल्टवर नुसतं चालायलाच शंभर अँपिअर लागतात, 150 एएचची बॅटरी त्यावर तासभरही टिकत नाही. दुकानदाराला हे माहीत नसेल? मला पटत नाही.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला फोन केला. पहिलाच प्रश्न, पक्कं बिल आहे का?

इन्व्हर्टर घेणार असाल तर तुमची मोटर दुकानात न्या आणि समोर सुरू करून दाखवायला सांगा. सतत किती वॉट देतो ते बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला कां-कूं केली तर तिथूनच परत फिरा.

मामा सध्या थव्याजवळ इंजिन बंद करून वल्ह्यानं होडी नेतात. बॅटरीवर थेट चालणारी डीसी मोटर बघतोय, पण ती पाण्यात फिरल्याशिवाय मामा खिशात हात घालणार नाहीत.