‘बँकेचं इंग्रजी’ शिकवायला येणाऱ्यांपासून सावध! आमच्या वर्गाचे 51,647 रुपये गेले

इंदूरमध्ये मोठ्या बायकांना इंग्रजी शिकवणारे वर्ग रामबागेत असोत, लोकमान्य नगरात असोत की सुदामा नगरात, चालवणाऱ्यांनी हे आजच वाचावं. आमच्या वर्गातल्या 22 जणींकडून ‘बँकेचं इंग्रजी’ या दोन दिवसांच्या शिबिराचे प्रत्येकी 350, म्हणजे 7,700 रुपये घेतले गेले. पुढच्याच आठवड्यात चौघींच्या खात्यांतून 24,998, 8,750, 6,200 आणि 3,999 रुपये उडाले. शिबिराच्या फीसह एकूण 51,647. त्यातले 8,750 म्हणजे सरकारच्या लाडली बहना योजनेचे, तेव्हाच्या 1,250च्या दराने, सात हप्ते, शिलाई मशीनसाठी जपून ठेवलेले. संताप होतो तो या पैशांचा.

एपीकेची, म्हणजे मेसेजमधून येणाऱ्या ॲपच्या फाइलची, भानगड आता सगळ्यांना ठाऊक आहे. कधी लग्नपत्रिका, कधी आरटीओचं चलान, कधी केवायसी. इथे ती ‘प्रॅक्टिस ॲप’ होऊन व्हॉट्सॲपवर आली. फोनने धोक्याची सूचना दिली, तरी ‘इन्स्टॉल एनीवे’ दाबायला लावलं. मग ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. कारण काय दिलं, तर बँकेचे मेसेज ॲप मोठ्याने वाचेल आणि उच्चार कानावर पडतील. उच्चार शिकवणाऱ्यांच्या वर्गात हे कोणालाही पटलं असतं. पण नुसत्या एसएमएस वाचणाऱ्या ॲपने पैसे जात नाहीत. ओटीपी चोरायचा तर आधी तो यायला हवा, आणि कार्डाचा ओटीपी यायला कार्डाचे तपशील लागतात. ते शिबिर घेणाऱ्या माणसाने कागदावर, पेनाने, आमच्याच टेबलावर भरून घेतले.

तो फॉर्म डोळ्यांसमोरून हलत नाही. गुलाबी कागद, वर छापलेलं ‘अकाउंट ओपनिंग फॉर्म – प्रॅक्टिस’. नाव, जन्मतारीख, पत्ता, वारसाचं नाव, इथवर अगदी खऱ्यासारखा. खाली चार-चारच्या गटांत सोळा चौकोन, शेजारी महिना आणि वर्ष, आणि कोपऱ्यात तीन लहान चौकोन. अहो, खातं उघडायच्या फॉर्मवर कार्डाचा नंबर येईलच कुठून? कार्ड खातं उघडल्यावर मिळतं! आणि कार्डामागचे ते तीन आकडे बँकेच्या कुठल्याही कागदावर लिहायचे नसतात, बँकेचा माणूसही ते विचारत नाही. हे आम्ही स्वतः शिकवतो. तरी त्या दिवशी बायका कार्ड हातात धरून ‘फोर, सेव्हन, डबल वन’ असं मोठ्याने म्हणत चौकोन भरत होत्या आणि आमचं लक्ष त्यांच्या उच्चारांकडे होतं. तिथेच कागद ओढून घ्यायला हवे होते.

पण ‘कागद भरायला दिलेच कसे’ म्हणणाऱ्यांनी एक समजून घ्यावं. संसार चालवणाऱ्या बाईला ‘ए फॉर ॲपल’वरून शिकवता येत नाही. पैसे भरायची स्लिप, चेक, बँकेचा मेसेज समोर ठेवूनच शिकवावं लागतं, आणि ती पद्धत बरोबरच आहे. फक्त कागद खरा असावा, आकडे खोटे. पुठ्ठ्याचं कार्ड कापा, त्यावर 1234 5678 लिहा. चेकवर आडवं ‘कॅन्सल्ड’ लिहा, सही करूच नका. फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी घोटून घ्या, फोनवर रक्कम ऐकताना घोळ तिथेच होतो. पण ते भाजीच्या भावांवर घोटा. आणि पैसे मागितले की शंका घ्या: बँकांची वित्तीय साक्षरता केंद्रं एक रुपया घेत नाहीत. गळ्यातलं ओळखपत्र कोणीही छापून आणतं, जिल्ह्याच्या लीड बँकेत (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेत) जाऊन विचारा.

आता बँकेचं ऐका. 24,998 ज्या काकूंचे गेले, ते 12,499 करून दोनदा गेले. पहिले सकाळी 11:05ला. त्यांनी 11:20ला कस्टमर केअरला सांगून कार्ड बंद करायला लावलं, तक्रार क्रमांकही घेतला. दुसरे 12,499 गेले 11:52ला! शाखेत उत्तर मिळालं, “ओटीपी आपने ही दिया होगा.” रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017च्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलंय की ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं, आणि जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्धही बँकेनेच करायचं. परिपत्रकाची प्रत काउंटरवर ठेवली तर ती वाचायचीही तसदी घेतली नाही. वर काकूंनाच विचारलं, “मैसेज पढ़ा नहीं था क्या?” मेसेज इंग्रजीत पाठवायचा आणि इंग्रजी शिकायला निघालेल्या बाईला हा प्रश्न करायचा!

पोलीस थान्यात गेलो तर म्हणाले सायबर सेलला जा. सायबर सेल म्हणतं रक्कम छोटी आहे, थान्यात आवेदन द्या. आवेदनाच्या प्रतीवर शिक्का मागितला तर “कल आना”. चौघींची चार आवेदनं, एफआयआर एकही नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर व्यवहाराचा संदर्भ क्रमांक विचारतात, तो मेसेजमधून किंवा मिनी स्टेटमेंटमधून आधी कागदावर उतरवा आणि मगच फोन लावा, पण तासाभराच्या आत लावा. पैसा पुढच्या खात्यात सरकला की मिळायची आशा कमी होत जाते.

हा फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करा. बाधित मोबाइल आधी एअरप्लेन मोडवर टाका. नंतर त्यातलं सिम दुसऱ्या मोबाइलमध्ये घालून ##002# लावा आणि कॉल फॉरवर्डिंग रद्द करा, कारण अशी ॲप्स बँकेचे कॉलही वळवतात. ॲप निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ची परवानगी काढा, तरीही नाही निघालं तर फॅक्टरी रीसेट. बँकेला तोंडी सांगून थांबू नका, लेखी द्या, पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही, माहितीसाठी नंबर 14448. काकूंच्या दुसऱ्या 12,499ची तक्रार आम्ही तिथे नेणार आहोत.

‘मी पिन बदलला, आता काळजी नाही’ असं ज्या म्हणताहेत त्यांनी ऐका: ऑनलाइन खरेदीला कार्डाचा पिन सहसा लागत नाही. तो गुलाबी फॉर्म भरला असेल तर कार्डच बंद करून नव्या नंबरचं घ्या आणि ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा शून्यावर ठेवा. आमच्या 22 जणींपैकी पाच जणींनी अजून कार्ड बदललेलं नाही, कारण नव्या कार्डाचे पैसे बँक त्यांच्याच खात्यातून कापून घेते.