लेबर रूममधलं मॅगसल्फ: दहा महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरच्या लेबर रूममध्ये झटक्यांची (एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून येणारे झटके) पेशंट येते, तेव्हा तिला मॅगसल्फचा, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचा, पहिला डोस अनेकदा वाटेला लागण्याआधीच मिळालेला असतो. गडचिरोली, भंडारा, गोंदिया, उमरेड, पलीकडून छिंदवाडा-बालाघाट, रेफर होतं ते इकडेच. गावातल्या एएनएमला (आरोग्यसेविकेला) दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, म्हणजे 10 ग्रॅम देऊन पेशंट पुढे पाठवता येते. हा नियम फार मोलाचा आहे, कारण झटका 108 येईपर्यंत थांबत नाही. म्हणूनच आमचा पहिला शेरा औषधावर नाही, रेफर चिठ्ठीवर आहे. 'मॅगसल्फ दिले' एवढंच लिहिलेलं असलं तर त्याचा उपयोग नाही. किती ग्रॅम, कुठे आणि किती वाजता, या तीन गोष्टी हव्यात. त्या नसल्या की घाईत पूर्ण 14 ग्रॅमचा लोडिंग, म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस (शिरेत 4, कुल्ल्यांत 10), पुन्हा चढतो. चिठ्ठी कोरी असेल तर कुल्ल्यावर सुईच्या खुणा पाहा, नी-जर्क (गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का) तपासा, केंद्राला फोन लावा. वेळ कळली की पुढचे 5 ग्रॅम तिथून 4 तासांनी. शिरेतले 4 ग्रॅम राहिले असतील तर ते द्यायचे का, हे डॉक्टर ठरवतील.

आता अँप्युल. आम्ही वापरतो ती 50 टक्क्यांची, 2 मिलीची. एका अँप्युलमध्ये 1 ग्रॅम, त्यामुळे हिशेब सोपा: जितके ग्रॅम तितक्या अँप्युल. पण कुठेकुठे 25 टक्क्यांची अँप्युलही येते आणि दोन्ही एकाच खोक्यात पडल्या की हा सोपा हिशेब साफ फसतो. नवीन खोकं फोडलं की लेबल मोठ्याने वाचायचं, दोघींनी.

50 टक्क्यांचं औषध शिरेत थेट कधीच द्यायचं नाही. 4 अँप्युल म्हणजे 8 मिली, त्यात 12 मिली डिस्टिल्ड वॉटर किंवा नॉर्मल सलाईन, झालं 20 मिली, 20 टक्क्यांचं. हे घड्याळाकडे पाहत सावकाश द्यायचं, 5 मिनिटांच्या आत नाही. जोरात दिलं तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. देण्याआधी पेशंटला आणि सोबतच्या बाईला सांगून ठेवा की अंग गरम होईल, चेहरा लाल होईल, मळमळेल. न सांगता दिलं की 'आंगाची आग आग होऊन रायली' असं ओरडून ती हात झटकते आणि व्हेनफ्लॉन (शिरेतली नळी) निघतो. ही रिअॅक्शन नव्हे, औषधाचा नेहमीचा गुण आहे.

मग कुल्ल्यात 50 टक्क्यांचंच, प्रत्येक बाजूला 5 अँप्युल, म्हणजे 10 मिली. सोबत बधिर करणारं 2 टक्के लिग्नोकेन 1 मिली, नाहीतर दुखणं सहन होत नाही. औषध ओढलेली सुई बदला आणि दीड इंची सुई खोल, वरच्या-बाहेरच्या भागात. सुई आखूड पडली तर औषध चरबीत राहतं आणि गाठ होते, क्वचित पूही. पुढे दर 4 तासांनी 5 ग्रॅम, बाजू आलटून-पालटून.

सिरिंज पंपाने शिरेतून सतत देण्याची पद्धतही वापरली. 50 मिलीच्या सिरिंजमध्ये 10 अँप्युल आणि 30 मिली सलाईन भरायचं; ताशी 5 मिली म्हणजे ताशी 1 ग्रॅम. पेशंटचं दुखणं वाचतं, हे खरं. पण एका सिस्टरकडे आठ बेड असतील तर आमचं मत कुल्ल्यातल्या इंजेक्शनच्या बाजूने आहे. पंपाशिवाय साध्या बाटलीतून मॅगसल्फ सोडणं तर नकोच. लेबल गळून पडलं की बाटली साध्या सलाईनसारखी दिसते, बीपी पडल्यावर कुणीतरी तीच जोरात सोडतं.

प्रत्येक मेन्टेनन्स (लोडिंगनंतरच्या) डोसच्या आधी तीन गोष्टी पाहायच्या: नी-जर्क आहे, श्वास मिनिटाला 16 किंवा जास्त, आणि मागच्या 4 तासांत लघवी निदान 120 मिली. एकही कमी असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना बोलवायचं. नी-जर्क आधी जातो, श्वास नंतर मंदावतो. या दोहोंमधला वेळ हाच आपला वेळ. सिझेरियनसाठी स्पायनल (पाठीतून भूल) दिलं असेल तर गुडघा प्रतिसाद देणार नाही, मग कोपराशी बायसेप्सचा प्रतिसाद पाहा. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

लघवीवर जास्त बोलावं लागेल, कारण मॅग्नेशियम बाहेर पडतं ते फक्त किडनीतून. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो, पेशंट तीन-चार तास गाडीत तापून येते, युरोबॅगमध्ये दोन बोटं गडद लघवी. तिथे सलाईन ओतायचा मोह होतो. या आजारात छातीत पाणी लवकर भरतं, म्हणून सगळं मिळून ताशी 80 मिलीच्या आसपासच ठेवायचं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं (किडनी मंदावलेली) असेल तर लोडिंग तेच, मेन्टेनन्स मात्र डॉक्टर कमी करतात किंवा थांबवतात. मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार) असलेल्या बाईला हे औषध द्यायचंच नाही.

ट्रेमध्ये मॅगसल्फवरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट 10 टक्के, 10 मिली, सिरिंजसकट टेप लावून ठेवा. श्वास मंदावला तर मॅगसल्फ बंद, बॅग-मास्क (हाताने श्वास देण्याचं साधन) हाताशी, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं हे 1 ग्रॅम शिरेतून हळू. कपाटाची किल्ली शोधत बसायला तेव्हा वेळ नसतो.

मॅगसल्फ बीपीचं औषध नाही. 160/110 असेल तर लॅबेटालॉल किंवा निफेडिपिन वेगळं लागतंच. भूलतज्ज्ञांना आधी सांगा, स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा असर लांबतो. बाळ मलूल निघू शकतं, म्हणून बालरोगतज्ज्ञही हवेत.

औषधाच्या गुणाबद्दल शंका नाही. 1995 च्या मोठ्या चाचणीत डायझेपाम आणि फेनिटॉइन ही झटक्यांवरची दोन्ही औषधं याच्यापुढे मागे पडली, 2002 च्या मॅगपाय चाचणीत झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. लोडिंगनंतर 15 मिनिटांनी पुन्हा झटका आला तर 2 अँप्युल 6 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये, 5 मिनिटं घेऊन शिरेतून.

डोस चुकतो तो वॉर्डात हलवताना. प्रसूती झाली की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पण औषध प्रसूतीनंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर, जे उशिरा असेल तिथून 24 तास चालू राहतं. स्ट्रेचर निघण्याआधी केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा: शेवटचं इंजेक्शन किती वाजता, कुठल्या बाजूला, पुढचं कधी, बंद कधी.