‘हॉलंडची फ्लेम लिली’ घेताय? आधी हे वाचा

मे महिन्यात आपल्याकडच्या बाजारांत टेम्पोतून फुलझाडांचे कंद विकायला येतात. त्यात ‘हॉलंडची फ्लेम लिली’ असं लेबल लावलेला, बोटाएवढा जाड, मधेच कोपरासारखा वाकलेला कंद दिसला तर हे वाचून मगच पाकीट उघडा. गेल्या वर्षी दापोली तालुक्यात आमच्यासकट बऱ्याच घरांनी तो घेतला. एका कंदाचे अडीचशे रुपये. पावतीवर फक्त शिक्का आणि मोबाइल नंबर.

स्टॉलवर लॅमिनेट केलेला फोटो होता. लाल पाकळ्या, पिवळ्या मुरडलेल्या कडा, पाकळ्या खाली लोंबतायत आणि केसर वर पसरलेत. देठ-पान काहीच नाही. कोणालाही ते ओळखीचं वाटलं नाही, आणि वाटू नये अशीच व्यवस्था होती. फोटो उलटा छापलेला होता! सरळ केला की आपल्या गडग्यांवर, म्हणजे दगडी कुंपणांवर, पावसात चढते ती कळलावी. तिचं फूल मान खाली घालतं आणि पाकळ्या मागे वळून ज्वाळेसारख्या वर जातात.

माझ्या चार कंदांपैकी दोन उगवले. पानाची टोकं लांबून सुतासारखी वळायला लागली आणि त्यांनी कंपाउंडची जाळी पकडली, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगो, ही तर कळलावी. गौरीला आणतो की आपण!” लिलीसारखी फुलं पुष्कळ असतात, पण पानाच्याच टोकाने आधार धरून चढणारी ओळखायला फुलाची वाटही बघावी लागत नाही. भाद्रपदात फुलली. आधी हिरवट-पिवळी, मग केशरी, मग लाल. सुंदर दिसते यात वाद नाही.

विक्रेत्याला फोन केला. “ताई, दिसायला तशीच असते, पण ही सुधारित जात आहे.” यातली लबाडी समजून घ्या. फ्लेम लिली हे नाव खोटं नाही, बाहेर याच वेलीला तसं म्हणतात. झिंबाब्वेचं ते राष्ट्रीय फूल आहे, तमिळनाडूचं राज्यफूल आहे, आणि परदेशात मोठ्या फुलांच्या जाती गुलदस्त्यांसाठी लावतातही. त्यामुळे भांडायला गेलं की तो यातलं काहीतरी पुढे करतो. आमच्या दारात फुललं ते मात्र गडग्यावरचंच. आकारात नाही, रंगात नाही, तसूभरही फरक नाही.

न उगवलेले दोन कंद उकरून पाहिले. दोन्हींची टोकं सुरीने कापलेली. कळलावीच्या कंदाला कोंब येतो तो टोकाच्या डोळ्यातून. मधला तुकडा कितीही जपा, कुजण्यापलीकडे काही होत नाही. एका कंदाचे तीन करून विकायचे आणि वर “पाणी जास्त झालं असेल” म्हणायचं.

खरी कमाई त्याने पुढे केली. आमच्या खालच्या आळीत काहींच्या वेलींना फूल आलंच नाही, कारण कंद लहान असला की पहिल्या वर्षी बहुधा येत नाही. दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडून वेल वाळली. त्यांनी फोन केला तर उत्तर मिळालं, “विदेशी झाड आहे, थंडीने गेलं. अर्ध्या किमतीत नवीन कंद देतो, सोबत थंडीचं औषध घ्या.” ऑक्टोबरच्या उकाड्यात आपण पंखा पाचवर ठेवून झोपतो, आणि झाड म्हणे थंडीने गेलं! तरी लोकांनी घेतलं. औषध म्हणजे प्लॅस्टिकच्या पुडीतली करडी पूड, नाव नाही, कंपनी नाही. मला तरी ती राखच वाटली.

झाड मेलेलं नसतं. पाऊस सरला की कळलावी वरून वाळते आणि कंद जमिनीत झोपतो, तो पुढच्या पावसाच्या तोंडावर जागा होतो. दरवर्षी जुना कंद सुकून त्याच्या जागी नवा, दोन फाट्यांचा तयार होतो. जिथे जमीन गोठते अशा देशांत तो उकरून घरात ठेवावा लागतो, नाहीतर मरतो. आपल्या किनाऱ्यावर तो प्रश्नच नाही. इथे त्याला हिवाळ्यात मारायचं असेल तर एकच उपाय, पाणी घालत राहा म्हणजे कुजेल. आणि त्या पुडीसोबत नेमकं तेच सांगितलं होतं, पाण्यात कालवून आठवड्यातून दोनदा द्या!

पैसे गेले ते गेले, पण विषाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही, याचा मला जास्त राग आहे. कळलावीचा प्रत्येक भाग विषारी, कंद आणि बिया सर्वांत जास्त. त्यात कोल्चिसीन असतं. ते गाउटवर (सांधे सुजून दुखण्याच्या एका आजारावर) औषध म्हणून अगदी मोजून वापरतात, त्यासाठी तमिळनाडूत या वेलीची शेतीही होते. पण कंद पोटात गेला तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, पुढे मूत्रपिंडं आणि रक्तावर परिणाम होतो, माणूस दगावू शकतो. उतारा म्हणून हमखास औषध नाही. आळीतल्या एका घरात हे कंद परसात कणगीच्या (उकडून खातो त्या कंदाच्या) वाफ्याशेजारी लावले होते. खोदताना सरमिसळ व्हायला किती वेळ लागतो? त्यांना सांगून ते काढायला लावले. तुमच्याकडे असतील तर खाण्याच्या कंदांपासून दूर हलवा, हातमोजे घालून. पोरं, शेळ्या, वासरं पोचणार नाहीत असं बघा. कोणी खाल्लंच तर घरगुती उपाय करत बसू नका. वेलीचा तुकडा सोबत घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठा.

कंद घेताना पानासकट पूर्ण झाडाचा फोटो मागा. देत नसेल तर पुढे व्हा. मी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. पत्ताच नसल्याने पुढे कितपत सरकेल शंका आहे, पण ज्यांनी यूपीआयने पैसे दिले त्यांच्या मोबाइलमध्ये खातेदाराचं नाव आहे. तुम्हीही त्या टेम्पोवरून कंद घेतले असतील तर तो स्क्रीनशॉट आणि लेबल फेकू नका, आणि आपली तक्रार वेगळी नोंदवा.