लायनरचे पैसे घेतले, नळीत लायनर नव्हताच

परभणी जिल्ह्यातल्या एका जुन्या वाड्यातली बीएसएची .२२ मार्टिनी टार्गेट रायफल. परवान्यावर रीतसर चढलेली. तोंडापासून पाचेक इंच आत नळीला कडं पडलं होतं, म्हणजे आतून गोल फुगवटा. एक कमजोर गोळी आत अडकते, ते कळत नाही, मागून दुसरी झाडली जाते आणि दोन्हींच्या मध्ये दाब कोंडून पोलाद फुगतं. त्यात पेटवणाच्या मसाल्यात क्लोरेट असलेल्या जुन्या काडतुसांचा क्षार नळीत राहून गेलेला. हा क्षार पावसाळ्यात ओल ओढतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यानेच निघतो. वर्षानुवर्षं नुसतं तेल फिरवलं गेलं आणि खड्डे पडले.

अशा नळीला एक खरा उपाय आहे. जुनी नळी आतून मोठी करायची आणि तिच्यात पेचदार खाचांची नवी बारीक नळी, म्हणजे लायनर, बसवायची. कारागिराने हेच करतो म्हणून ४२,००० रुपये सांगितले, २५,००० आगाऊ घेतले. दसऱ्याच्या शस्त्रपूजेला रायफल घरात हवी, ही घाई त्याला माहीत होती. सणाच्या तोंडावर काळंभोर नवं ब्लूइंग, म्हणजे गंज रोखणारा थर, दिलेली रायफल परत आली. उजेडाकडे धरली की नळी आतून आरशासारखी. उरलेले पैसे तिथेच दिले गेले.

२५ मीटरवर कागदाला भोकं आडवी पडू लागली. गोळी फिरत जात नव्हती, कोलांट्या खात होती. कारागिराचं उत्तर मिळालं, "नळी बसायला शंभर गोळ्या जाऊ द्या." हे ऐकू नका. लायनरच्या नळीला असं काही लागत नाही, आणि फुगलेल्या नळीतून शंभर गोळ्या झाडणं धोक्याचं आहे.

खोटं कसं उघडं पडलं ते सविस्तर सांगतो, कारण हीच तपासणी पैसे देण्याआधी अर्ध्या तासात होते. आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, उघडून डोळ्यांनी पाहून.

तोंडाचा भाग स्पिरिटने पुसून भिंगातून पाहा. लायनर असेल तर छिद्राभोवती केसाएवढी गोल सांध्याची रेघ दिसते. पॉलिशमध्ये ती दबते कधीकधी, म्हणून चेंबरकडूनही पाहावी. मोबाईलला जोडायचा कॅमेरा घेणार असाल तर ५.५ मिलिमीटरचा घेऊ नका. .२२ ची नळी आतून जेमतेम ५.५ असते, तो अडकतो. ३.९ चा जातो.

मग शिशाचं माप. सहा मिलिमीटरची मऊ शिशाची गोळी तेल लावून तोंडाकडून हलक्या हाताने बसवायची आणि पितळी दांड्याने आरपार ढकलायची. हाताला लक्ष ठेवा: कडं असेल त्या जागी दांडा एकदम सैल होतो. इथे तो जुन्याच जागी सैल झाला. बाहेर आलेल्या शिशावर खाचांचा व्यास मायक्रोमीटरने मोजला, ०.२२६५ इंच. असायला हवा ०.२२२ ते ०.२२३. काडतुसातली गोळी साधारण ०.२२४ ची, म्हणजे ती खाचांना धरतच नव्हती, गॅस बाजूने निसटत होता. शिसं पूर्ण नळीतून गेलं की मिळणारा आकडा सगळ्यांत घट्ट जागेचा असतो. घट्ट जागाच एवढी मोठी, तर अख्खी नळी एमरीने घासून चकचकीत केलेली होती. मोजायला छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतल्या कुठल्याही टूलरूममध्ये जा, पण खिशात फक्त ते शिसं न्या. परवाना नसलेल्या वर्कशॉपात रायफल नेऊ नका. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो.

सगळ्यांत पक्का पुरावा रिकाम्या पुंगळीचा, म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या कवचाचा, निघाला. दुरुस्तीआधीची एक पुंगळी घरात होती. तिच्यावर चेंबरमधल्या खड्ड्याचा ठसा होता, फायरिंग पिनच्या खुणेपासून ठराविक अंतरावर. नव्या पुंगळीवर तोच ठसा त्याच जागी. पूर्ण लांबीचा लायनर बसला तर चेंबर नव्याने कापावंच लागतं. जुना ठसा उमटला म्हणजे चेंबर जुनंच.

शिवाय नळी २९ इंचांची होती, ती भरली सव्वाअठ्ठावीस. झिजलेलं तोंड कापून नवं केलेलं. हे पैशाच्या फसवणुकीहून गंभीर आहे. नळी आखूड करायला कलम ६ नुसार वेगळा परवाना लागतो, आणि अशी रायफल सापडते ती तुमच्या घरात.

रायफल देताना पावतीवर मेकरचा नंबर, नळीची लांबी आणि पुढच्या माशीपासून तोंडापर्यंतचं अंतर लिहून सही घ्या. कारागिराचा दुरुस्तीचा परवाना स्वतः वाचा, नुसता विक्रीचा चालणार नाही. लायनर नळीपेक्षा लांब येतो आणि टोकं कापून टाकावी लागतात. ते कापलेले तुकडे परत हवेत, हे आधीच ठरवा. खरं काम करणारा ते देताना कुरकुर करत नाही.

आणि खोटं सापडलं तर "पुन्हा करून देतो" म्हणाला तरी रायफल लगेच त्याच्या हाती देऊ नका. आधी लांबीचे फोटो, शिशाचा तुकडा, दोन्ही पुंगळ्या आणि पावती एकत्र ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, चौकशीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. कापलेल्या नळीची लेखी खबर पोलीस ठाण्यात आणि परवाना देणाऱ्या कार्यालयात त्याच आठवड्यात द्या, पोच घेऊन.