ई एफ कोअर मायग्रेशन्स: एकच ॲप एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेस दोन्हीवर चालवायचं असेल तर

आमचं प्रॉडक्ट काही क्लायंटकडे एसक्यूएल सर्व्हरवर चालतं, काहींकडे पोस्टग्रेसवर, कारण लायसन्सचा खर्च सगळ्यांनाच झेपतो असं नाही, त्यामुळे प्रत्येक रिलीजला टेबलांमधले बदल दोन्हीकडे न्यावे लागतात आणि त्यासाठी आम्ही एंटिटी फ्रेमवर्क कोअर (ई एफ कोअर, डॉटनेटमधून डेटाबेस हाताळायची लायब्ररी) आणि तिची मायग्रेशन्स, म्हणजे टेबलांमधले बदल लिहिलेल्या कोडच्या फाइली, वापरतो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि टूल खरंच चांगलंय. फक्त एकाच फाइलीत दोन्ही डेटाबेस बसवायचा हट्ट करू नका.

कारण मायग्रेशन ॲड करताना जो प्रोव्हायडर (ई एफ कोअरला त्या-त्या डेटाबेसशी जोडणारा भाग) चालू असतो त्याच्याच हिशोबाने फाइल बनते. एसक्यूएल सर्व्हरवर बनवलेली फाइल उघडून बघा, साध्या स्ट्रिंगच्या कॉलमपुढे एनव्हारचार मॅक्स लिहिलेलं असतं, पोस्टग्रेसला हा प्रकार माहितीच नाही, तिथे टेक्स्ट लागतं. मग लोक फाइलीत प्रोव्हायडर तपासून इफ-एल्स घालत बसतात. सुरुवातीला चालतं, पण मॉडेलचा (कोडमधल्या टेबलांच्या वर्णनाचा) स्नॅपशॉट, ज्याच्याशी ताडून पुढचं मायग्रेशन बनतं, शेवटी एकाच प्रोव्हायडरचा राहतो आणि पुढचं मायग्रेशन दुसऱ्यावरून काढलं की न केलेले बदल त्यात दिसायला लागतात.

त्यापेक्षा कॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा कोडमधला क्लास) एकच ठेवा, मायग्रेशन्सचे प्रोजेक्ट दोन करा आणि कुठल्या प्रोजेक्टमधली मायग्रेशन्स घ्यायची हे सांगणारं मायग्रेशन्स असेंब्लीचं ऑप्शन सेट करा. व्हर्जन 5 पासून कमांडच्या शेवटी दोन डॅश देऊन प्रोव्हायडरचं नाव ॲपला पाठवता येतं, त्यामुळे दर वेळी कॉन्फिग बदलायची गरज नाही. हे मला सगळ्यात आवडलं.

आता खरी गंमत युनिक इंडेक्सची, म्हणजे कॉलममध्ये एकच किंमत दोनदा येऊ न देणाऱ्या इंडेक्सची. ईमेलचा कॉलम रिकामा राहू शकतो आणि तरी युनिक हवा, असं समजा. एसक्यूएल सर्व्हर दोन नल (रिकाम्या किमती) सारखेच धरतो, म्हणजे ईमेल नसलेला दुसरा युजर आला की एरर. पोस्टग्रेस डीफॉल्टने नल वेगवेगळे धरतो, तिथे प्रश्नच नाही. ई एफ कोअर एसक्यूएल सर्व्हरसाठी इंडेक्सला नल वगळणारा फिल्टर आपोआप लावतं, पोस्टग्रेसला लावत नाही, एकदम बरोबर. पण तोच फिल्टर कोणी मॉडेलमध्ये चौकोनी कंसातल्या कॉलमच्या नावासकट हाताने लिहिला की पोस्टग्रेसवर सिंटॅक्स एरर ठरलेली. तारखेच्या डीफॉल्टचंही तेच, तो प्रोव्हायडर बघूनच द्या.

खटकणारी गोष्ट म्हणजे रिव्ह्यू दुप्पट होतो. प्रॉपर्टीचं नाव बदललं तर तुमच्या मनात रीनेम आहे की जुना कॉलम काढून नवा टाकायचाय हे टूलला नक्की कळत नाही, ड्रॉप आणि ॲड लिहून आलं आणि कोणी न बघता चालवलं तर डेटा गेला. ते दुरुस्त करायचं तर दोन्ही प्रोजेक्टमध्ये हाताने, एक राहिलं की एकाच प्रकारच्या क्लायंटचा डेटा जातो, आणि ते जास्त वाईट.

टेस्टसाठी एसक्यूलाइट हा छोटा, एका फाइलीतला डेटाबेस वापरून समाधान मानू नका, कृपया. तिथे डेसिमल टेक्स्ट म्हणून साठतो आणि बरेच कॉलम-बदल टेबल नव्याने बांधून केले जातात, म्हणजे तुम्ही प्रॉडक्शनमधला रस्ता तपासतच नाही. डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या टूलमध्ये) खरे डेटाबेस उभे करा आणि दोन्हीवर मायग्रेशन चालवा. व्हर्जन 8 पासून मॉडेलमधला बदल मायग्रेशनमध्ये आलाय का हे सांगणारी कमांड आहे, ती सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) दोन्ही प्रोव्हायडरसाठी लावा.

मायएसक्यूएलही जोडायचा विचार असेल तर आधी एक बघा: एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेसमध्ये मायग्रेशन मध्येच फसलं तर टेबलांचे बदल सहसा ट्रान्झॅक्शनसोबत मागे जातात, मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक ऑल्टर टेबल आपोआप कमिट होतं, मग अर्धवट झालेलं काम हाताने निस्तरावं लागतं, तेव्हा तिथे एका मायग्रेशनमध्ये एकच बदल ठेवा आणि चालवायच्या आधी बॅकअप घ्याच.