इंदूरच्या पाण्याला कोणते धुलाई यंत्र टिकेल : दोन टबांचे की समोरून उघडणारे?

इंदूरमध्ये हा निर्णय दुकानात नव्हे, घरच्या नळाशी व्हायला हवा. नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून येते आणि बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड मिळते; उरलेली गरज बोअरिंगच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यावर भागते.

दोन टबांच्या अर्धस्वयंचलित यंत्रात धुण्यासाठी एक आणि पिळण्यासाठी दुसरी अशा स्वतंत्र मोटारी असतात. टायमर, पट्टा किंवा ब्रेकची तार बिघडली तरी मोहल्ल्यातला कारागीर ती बदलून देतो, शिवाय नळाला दाब नसला तरी बादलीने पाणी ओतून काम होते. मात्र ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात हलवताना कंबर बोलते, हे माझ्या सासूबाईंचे म्हणणे खोटे नाही.

समोरून उघडणारे यंत्र कमी पाण्यात कपडे उलटेपालटे करून धुते, त्यामुळे नऊवारी साड्यांची झीज कमी होते. परंतु त्यातील हीटरवर जड पाण्याचा क्षार साचतो, दाराच्या रबरात ओल राहून बुरशी धरते आणि ड्रमचे बेअरिंग गेले तर सारे यंत्र उघडावे लागते. काही बनावटींत टब न उघडता येण्याजोगा, कायमचा जोडलेला असल्यामुळे तो पूर्णच बदलावा लागतो.

म्हणून बोअरिंगवर चालणाऱ्या घराला मी दोन टबांचेच यंत्र सुचवीन. टाकीत नर्मदेचे पाणी भरपूर साठत असेल, तर समोरून उघडणारे घ्यावे. मात्र दर महिन्याला रिकामा गरम फेरा चालवावा आणि धुणे झाल्यावर दार उघडे ठेवावे.